झोपाळा कधी द्यायचा, कधी मोडायचा

अंगणातल्या झोपाळ्यावर, घसरगुंडीवर किंवा उड्या मारायच्या ट्रॅम्पोलिनवर मूल खेळेनासं झालं, तरी ती वस्तू लगेच कुणी हलवत नाही. ती जड असते, तिचे पाय जमिनीत गाडलेले असतात, तिच्यात थोडा जीवही अडकलेला असतो. शिवाय ती उघड्यावर असल्यामुळे घरात कुणाच्या पायात येत नाही. म्हणून ती तिथेच राहते आणि वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाते. मग कधीतरी घर बदलायचं ठरतं, किंवा पाहुण्यांचं लहानगं तिच्यावर चढायला धावतं आणि मोठ्यांच्या पोटात गोळा येतो. तेव्हा कुठे प्रश्न निघतो, की हे आता टाकायचं कुठे?

हा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो, असं माझं स्पष्ट मत आहे. उशीर झाल्यामुळेच त्याची बहुतेक चांगली उत्तरं तोवर हातची गेलेली असतात. घरच्या मुलानं पाठ फिरवली त्या वर्षी जो झोपाळा दुसऱ्या मुलाला बिनघोर देता आला असता, तोच पुढे भंगार होतो. आणि असा भंगार झालेला झोपाळा आपण ‘कुणाच्या तरी उपयोगी पडेल’ म्हणून देऊन टाकतो, हे तर त्याहून वाईट. बाहेरची खेळणी वेळेवर सोडावीत, देताना त्यांच्याबद्दल खरं ते सांगून द्यावीत, आणि देण्याजोगी उरली नसतील तर पुन्हा कुणाला वापरताच येणार नाहीत इतकी पुरती मोडावीत. एवढं विकत घेणाऱ्यानं करायलाच हवं. मात्र सगळं ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर देऊन बनवणाऱ्यानं नामानिराळं राहावं, हेही मला मान्य नाही.

आधी उशिराचं बघू. बहुतेक घसरगुंड्या आणि प्लॅस्टिकची खेळघरं पॉलिइथिलीनची असतात. साच्यात भुकटी घालून, साचा तापवत आणि फिरवत त्या पोकळ ओतल्या जातात. उन्हातले अतिनील किरण या प्लॅस्टिकच्या लांबच लांब रेणूंचे तुकडे पाडत राहतात. ते थोपवायला बनवणारे त्यात रसायनं मिसळतात, पण ती कायमची पुरत नाहीत. पहिली खूण हाताला कळते. तळवा घासला की रंगाची पांढुरकी भुकटी हाताला लागते. नंतर बोल्टच्या भोकांभोवती केसासारख्या बारीक चिरा दिसू लागतात. एवढं झाल्यावर ती घसरगुंडी दिसायला उभी असली, तरी कुठल्या उडीला फाटेल हे कुणी सांगू शकत नाही. थंडीत तर ती आणखी ठिसूळ होते.

लोखंडाचा दगा वेगळा. पाइपच्या टोकाचं प्लॅस्टिकचं टोपण कधीतरी निघून पडतं आणि पाणी आत शिरतं. गंज आतून बाहेर येतो, आणि वरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. म्हणून झोपाळ्याच्या चौकटीचा पाय जमिनीत शिरतो, नेमक्या त्या रेषेवर हातोडीनं हलकेच ठोकून बघावं. वरच्या भागाचा आवाज खणखणीत येतो, खायला लागलेल्या पाइपचा बद्द येतो, आणि कधीकधी हातोडीचं तोंडच आत जातं. लाकडालाही हीच रेषा मारते, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे मिळतात. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबलं आणि ते लोण्यात गेल्यासारखं शिरलं, तर तो खांब संपला. साखळीची सगळ्यात वरची कडी बघावी. आकड्यावर वर्षानुवर्षं घासून तिची जाडी एका बाजूनं उतरलेली असते. खालून उभं राहून हे दिसत नाही, स्टुलावर चढून कडी बोटांत फिरवावी लागते. ट्रॅम्पोलिनचं कापड बहुधा विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचं असतं. त्याचे धागे उन्हानं आतल्या आत मरतात आणि वरून मात्र काळंभोर, ताणलेलं, नव्यासारखं दिसतं. त्याच्या शिवणीचा दोरा नखानं ओढून बघावा.

हे इतक्या तपशिलानं लिहितोय, कारण उघड्यावर नुसतं पडून राहण्यानंही वस्तू झिजते हे आपल्या मनात ठसलेलं नाही. ‘वापरलेलं कुठेय, तसंच तर पडलंय’ असं आपण सहज म्हणतो. पुस्तक, सायकल, पाळणा घरात ठेवला तर टिकतो. बाहेरचं खेळणं मूल खेळो न खेळो, रोज उन्हात झिजतच असतं. उलट ज्याच्यावर कुणी खेळत नाही, त्याच्याकडे लक्षही जात नाही, ढिला नट कुणी आवळत नाही, निघालेलं टोपण कुणी परत बसवत नाही. म्हणजे मुलानं खेळणं सोडल्यानंतरचं एक वर्ष त्या वस्तूला आधीच्या वर्षाहून जास्त महागात पडतं. द्यायचं असेल तर ते याच सुमारास द्यावं. ‘धाकटं मोठं होईल तेव्हा वापरेल’ असा खरोखरच विचार असेल, तर खोलून, सुटे भाग पिशवीत भरून, छताखाली ठेवावं. उघड्यावर राखून ठेवणं म्हणजे राखणं नव्हे.

आता देण्याबद्दल. इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. जुनी वस्तू दुसऱ्याला दिली की आपल्याला बरं वाटतं. वस्तू वाया गेली नाही, कुणाच्या तरी मुलाला आनंद झाला, आपलं अंगण मोकळं झालं. यातल्या दुसऱ्या गोष्टीची खात्री कुणी करत नाही. घेणारं कुटुंब बहुधा आपल्याहून अडचणीत असतं, फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवायचा त्याला संकोच वाटतो, आणि ती किती जुनी आहे, कधी दुरुस्त केली, तिच्यात काय खोट आहे, हे विचारायला त्याची जीभ रेटत नाही. म्हणून न विचारता सांगण्याची जबाबदारी देणाऱ्याची होते. आपल्या स्वतःच्या मुलाला, भाचीला, नातवाला आपण आज यावर बसवू का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती वस्तू दुसऱ्या कुणाच्याही मुलासाठी योग्य नाही. गरिबाच्या मुलाचं डोकं काही जास्त कणखर नसतं.

वय हा प्रश्न फक्त झिजेचा नाही. बनावटीचे नियमही बदलले आहेत. सार्वजनिक क्रीडांगणांच्या सुरक्षेची अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाची मार्गदर्शिका पहिल्यांदा निघाली १९८१ साली. युरोपातलं ईएन ११७६ हे मानक १९९८चं. त्यांतला एक नियम प्रत्येक पालकानं समजून घ्यावा असा आहे. कठड्याच्या दोन गजांमधली, शिडीच्या दोन पायऱ्यांमधली किंवा जाळीतली फट साधारण ८९ मिलिमीटरपेक्षा लहान असावी, नाहीतर २३० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून मोठी असावी. मधलं माप घातक. कारण लहान मूल पाय पुढे करून घसरतं तेव्हा या मधल्या मापाच्या फटीतून त्याचं अंग आरपार निघून जातं, डोकं मात्र अडकतं, आणि ते मानेवर लटकतं. मोठ्या माणसाच्या डोक्यात हा विचार येणारच नाही, कारण आपण कधी पायाकडून कठड्यात शिरत नाही. जुन्या, घरी ठोकलेल्या किंवा नियमांच्या आधीच्या बनावटीत अशा फटी सर्रास सापडतात. मोजपट्टी लावायला पाच मिनिटं लागतात.

बोल्टची बाहेर आलेली टोकं आणि साखळीचे उघडलेले आकडे यांचंही तसंच. टोपीची नाडी किंवा ओढणी त्यांत अडकते, मूल खाली घसरतं, आणि नाडी वरच राहते. झोपाळ्याच्या इंग्रजी एस आकाराच्या आकड्याचं तोंड इतकं मिटलेलं असावं, की त्यात एक मिलिमीटरची फटही राहू नये. हे काम पक्कड आणि थोडा जोर लावून घरीच होतं. असे दोष सुधारण्याजोगे असतात, आणि ते सुधारूनच खेळणं द्यावं. तडकलेलं प्लॅस्टिक, आतून खाल्लेला पाइप, मेलेलं कापड मात्र सुधारत नाही. तडकलेल्या घसरगुंडीला डिंक, चिकटपट्टी किंवा वितळवलेल्या प्लॅस्टिकचं ठिगळ लावून ती ‘चालू’ करणं, हा घेणाऱ्याशी केलेला अप्रामाणिकपणा आहे, मग तो कितीही चांगल्या मनानं केलेला असो.

अमेरिकेत २००८च्या कायद्यानं, दोषामुळे कंपनीनं बाजारातून परत मागवलेली वस्तू विकायलाच बंदी आली, आणि ही बंदी वापरलेल्या वस्तू विकणाऱ्यांनाही लागू आहे. मला ही तरतूद फार योग्य वाटते. कंपनीनं ‘यानं मुलं जखमी झाली, परत द्या’ असं जाहीर केल्यावर ती वस्तू हात बदलत फिरत राहिली, तर त्या जाहीर करण्याला अर्थ उरत नाही. विकायला बंदी असलेली वस्तू फुकट दिली म्हणून ती सुरक्षित होत नाही. म्हणून देण्याआधी कंपनीचं नाव आणि मॉडेल क्रमांक टाकून ती परत मागवलेली आहे का, हे शोधावं. नाव-क्रमांकाचा शिक्का पुसलाच गेला असेल, तर तेवढ्यावरूनही तिच्या वयाचा अंदाज येतो.

आणि द्यायचं तर पुरतं द्यावं. चौकट दिली आणि ती जमिनीला धरून ठेवणारे खुंट आपल्याच मातीत राहिले, तर आपण अर्धीच वस्तू दिली. जोरात झोका घेतला की न रोवलेल्या चौकटीचे पाय उचलले जातात. ट्रॅम्पोलिन दिलं आणि स्प्रिंगांवरची गादी फाटली म्हणून ठेवून घेतली, तर पाय स्प्रिंगांतच जाणार. जोडणीची पुस्तिका, सगळे नटबोल्ट, खुंट, किती वजनापर्यंत चालतं याचा आकडा, घेतल्याचं साल आणि काय बदललं आहे याची दोन ओळींची चिठ्ठी सोबत जावी. खोलताना प्रत्येक सांध्याचा फोटो काढून तोही पाठवला, तर घेणाऱ्याचा सबंध दिवस वाचतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ज्या मुलांना खेळायला काहीच नाही, त्यांना थोडं जुनं, थोडं डगमगणारं मिळालं तर काय बिघडलं? सुरक्षेच्या नावाखाली आधीच मुलांचं बालपण कापसात गुंडाळून ठेवलंय, झाडावरून पडून हात मोडल्याशिवाय कुणी मोठं होतं का? या म्हणण्यातला अर्धा भाग मला मनापासून पटतो. मुलांना उंची हवी, वेग हवा, पडण्याची शक्यता हवी. १९४३ साली, युद्ध चालू असताना, कोपनहेगनजवळ एम्ड्रुप इथे लँडस्केप वास्तुकार सोरेन्सेन यांच्या कल्पनेतून एक क्रीडांगण उभं राहिलं. तिथे तयार खेळणी नव्हतीच. फळ्या, विटा, दोऱ्या, खिळे, टाकाऊ सामान होतं आणि मुलं त्यातून स्वतः घरं बांधत, पाडत, पुन्हा बांधत. आपण आखलेल्या नीटनेटक्या क्रीडांगणांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी आणि भंगारात जास्त रमतात, हे सोरेन्सेन यांनी पाहिलं होतं. पुढे अशी साहसी क्रीडांगणं ब्रिटनमध्ये आणि युरोपात इतरत्रही झाली.

पण त्या क्रीडांगणात एक जाणता माणूस कायम हजर असे. आणि मुलासमोर जे होतं ते सगळं उघड होतं. फळी किती उंच आहे, विटांचा ढीग हलतोय का, हातोडी कुठे पडेल, हे मुलाला दिसतं, त्यावरून ते अंदाज बांधतं, चुकतं, शिकतं. आतून गंजलेल्या पाइपचा अंदाज त्यानं कशावरून बांधायचा? झिजलेली कडी त्याच्या डोक्याच्या चार हात वर असते. उंचावर चढण्याचं साहस मुलाचं स्वतःचं असतं. कडी तुटणं हा त्याच्या नकळत मोठ्यांनी मांडून ठेवलेला घात असतो. त्यातून ते काहीही शिकत नाही. म्हणून ‘मुलांना जरा धोका हवाच’ हे म्हणणं जुनं भंगार खपवायला वापरू नये. आणि मुलांच्या हाती जुन्या सामानाचं साहस द्यायचंच असेल, तर खोललेल्या झोपाळ्याच्या धड फळ्या, टायर, दोऱ्या त्यांच्यासमोर टाकाव्यात आणि मोठ्या माणसानं तिथे बसावं.

मात्र त्या फळ्या कुठल्या लाकडाच्या आहेत हे आधी बघायला हवं. या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच गोष्टीची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरच्या वापराचं लाकूड कुजू नये, त्याला वाळवी लागू नये म्हणून क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबानं त्यात भरलं जाई. झोपाळ्यांच्या चौकटी, चढायचे मनोरे, वाळूच्या पेट्या यांसाठी हे लाकूड अनेक देशांत भरपूर वापरलं गेलं. आर्सेनिक म्हणजे सोमल. ते थोडं थोडं लाकडाच्या पृष्ठभागावर येतं, मुलांच्या हातांना लागतं, खालच्या मातीत उतरतं. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं थांबलं, युरोपीय संघात २००४ साली त्यावर निर्बंध आले, ऑस्ट्रेलियात २००६पासून खेळण्यांच्या साधनांसाठी ते बंद झालं. पण जे आधीच उभं होतं, ते उतरवण्याची सक्ती अमेरिकेत झाली नाही. हे लाकूड कुजत नाही हाच त्याचा गुण होता, त्यामुळे ते अजून बऱ्याच ठिकाणी ठणठणीत उभं आहे. नवं असताना त्याच्यावर हिरवट झाक असते. उन्हानं ते राखाडी पडलं की नुसत्या नजरेला साध्या लाकडापासून वेगळं ओळखू येत नाही.

जुना लाकडी मनोरा पाडल्यावर माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो जाळण्याचा. लाकूडच तर आहे, थंडीत शेकायला होईल. हे अजिबात करू नये. जाळल्यानं आर्सेनिक नाहीसं होत नाही. काही धुरातून जातं आणि बरंचसं राखेत साठतं. ती राख विषारी असते. ती झाडांना घातली, कोंबड्या-गुरं फिरतात तिथे पसरली, तर पुढे काय होईल ते वेगळं सांगायला नको. भुसा करून मातीवर पसरणंही तितकंच चुकीचं. त्या फळ्यांचे भाजीचे वाफे करावेत ही कल्पना दिसायला फार गोड, पण तीही सोडून द्यावी. कापावंच लागलं तर उघड्या हवेत, तोंडावर चांगला मास्क लावून, खाली ताडपत्री अंथरून कापावं, आणि भुसा गोळा करून फळ्यांबरोबरच द्यावा. स्थानिक कचरा विभागाला ‘आर्सेनिकची प्रक्रिया केलेलं लाकूड असू शकेल’ असं स्पष्ट सांगून, तो सांगेल त्या ठिकाणी हे लाकूड जायला हवं. ज्या कचराभूमीला तळाशी पाणी न झिरपणारं अस्तर आहे, तिथेच त्याची जागा आहे. लाकूड कोणत्या काळातलं हे कळत नसेल, तर ते तसलंच आहे असं धरून चालावं. जुने रेल्वे स्लीपर लावून केलेल्या वाळूच्या चौकोनांनाही हाच न्याय. त्यांत क्रिओसोट नावाचं डांबरी तेल मुरलेलं असतं.

जुन्या रंगातलं शिसं हा याचाच धाकटा भाऊ. अमेरिकेनं १९७८ साली रंगातल्या शिशाची मर्यादा ०.०६ टक्के ठरवली आणि २००९मध्ये ती ०.००९ टक्क्यांवर आणली. तरीही क्रीडांगणांतल्या जुन्या लोखंडी साधनांवर शिशाचा रंग आढळल्यामुळे तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला १९९६ साली त्याबद्दल खास सूचना काढाव्या लागल्या. पापुद्रे सुटलेली जुनी घसरगुंडी घासून, नवा रंग मारून कुणाला द्यायचा बेत असेल, तर ते घासणंच सगळ्यात धोक्याचं, कारण शिशाची धूळ अंगणभर होते आणि लहान मूल मातीतले हात तोंडात घालतं. असं लोखंड न घासता, तसंच भंगारात द्यावं.

लोखंड हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. पोलाद वितळून पुन्हा पोलादच होतं, आणि त्याला घेणारे सगळीकडे आहेत. फक्त जस्ताचा मुलामा असलेले पाइप गॅसनं कापू नयेत. जस्ताच्या धुरानं ताप भरतो. करवतीनं किंवा पान्यानं सुटे करावेत. ट्रॅम्पोलिन खोलताना स्प्रिंगा एका बाजूनं ओळीनं काढत गेलं, तर उरलेल्यांचा ताण एकीकडे जातो, चौकट तिरकी होते आणि स्प्रिंग हातातून उसळते. समोरासमोरच्या आळीपाळीनं काढाव्यात, हातमोजे आणि चष्मा घालून, आकड्याच्या हत्यारानं. आणि जमिनीतल्या काँक्रीटच्या पायाबद्दल एकच सांगणं आहे. पाइप मातीलगत कापून खुंटी गवतात सोडू नका. पुढच्या वर्षी तिथे अनवाणी धावणाऱ्या मुलाला ती दिसणार नाही. खणून गोळा बाहेर काढावा, नाहीतर निदान हातभर खोल जाऊन कापावा आणि खड्डा भरावा.

प्लॅस्टिकचं मात्र इतकं सोपं नाही, आणि इथे बऱ्याच सदिच्छा वाया जातात. घसरगुंडीच्या तळाशी त्रिकोणात २ किंवा ४ आकडा असेल तर ती पॉलिइथिलीनची आहे, आणि तत्त्वतः ती पुन्हा वितळवता येते. पण घरोघरचा सुका कचरा वेगळा करणारी यंत्रं बाटल्या-डब्यांच्या मापाची असतात. दोन मीटरची घसरगुंडी त्यांत जात नाही, ती बाजूला काढून शेवटी कचऱ्यातच जाते. तिच्यात ओतताना बसवलेले, बोल्टसाठीचे धातूचे आटे असतात, स्टिकर असतात, क्वचित आत फोम असतो. काही ओतीव प्लॅस्टिकचे रेणू एकमेकांना कायमचे जोडलेले असतात, ते वितळतच नाही. म्हणून नुसती सुक्या कचऱ्यापाशी ठेवून देऊ नये. मोठं प्लॅस्टिक घेणारं संकलन केंद्र किंवा कठीण प्लॅस्टिकचा व्यापारी शोधून, धातू काढून, धुऊन, कापून तिथे न्यावी. ट्रॅम्पोलिनच्या गादीचं आवरण, फुगवायचे तलाव आणि फुगवायची घरं बहुधा पीव्हीसीची असतात. ती जाळली तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो आणि डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. टायरच्या झोपाळ्यांत पाणी साचून डास होतात, आणि झिजलेल्या टायरमधून पोलादी तारांची टोकं बाहेर येतात. युरोपीय संघानं अख्खे टायर कचराभूमीत टाकायला २००३पासून आणि तुकडे करून टाकायला २००६पासून बंदी केली, याचं कारण ते तिथे ना कुजतात ना दबून बसतात, आणि पेटले तर सहजासहजी विझत नाहीत. टायर गोळा करणाऱ्याकडेच जावेत.

जे देण्याजोगं नाही, ते टाकताना अखंड टाकू नये. याबद्दल लोक क्वचितच बोलतात. कचऱ्याच्या जागेशेजारी उभी ठेवलेली घसरगुंडी संध्याकाळपर्यंत जागेवर नसते. कुणीतरी ती उचलून नेतं, आणि नेणाऱ्याला ती का टाकली हे ठाऊक नसतं. त्याच्या घरी मूल आहे म्हणूनच त्यानं ती नेलेली असते. म्हणून झोपाळ्याची बैठक मधोमध कापावी, साखळीचे तुकडे करावेत, ट्रॅम्पोलिनच्या कापडाला सुरीनं आडवा-उभा छेद द्यावा, घसरगुंडी करवतीनं दोन ठिकाणी तोडावी. धडधाकट दिसणारी वस्तू अशी कापताना हात आखडतो, ते समजण्यासारखं आहे. तरी ते करावं. मुलाची काळजी घेण्याचं हे कामही ती वस्तू आणणाऱ्याकडेच येतं.

इतकं सगळं एका कुटुंबानं करायचं? पाने, करवत, मास्क, गाडी, चौकशा? बहुतेकांना ते झेपणार नाही, आणि झेपत नाही म्हणूनच ही खेळणी अंगणात सडतात किंवा रात्री कुठेतरी टाकली जातात. विकणाऱ्यानं ती घरपोच आणून जोडून दिली होती. नेण्याचं नाव मात्र कुणी काढत नाही. उत्पादन बनवणाऱ्याची जबाबदारी त्याच्या शेवटापर्यंत असावी, ही कल्पना स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९०मध्ये मांडली. वाहनं, बॅटऱ्या, विजेची उपकरणं यांच्याबाबत ती अनेक देशांत कायद्यात आली. फ्रान्सनं २०२०च्या कायद्यानं खेळण्यांनाही त्या यादीत घेतलं. मला वाटतं बाहेरच्या मोठ्या खेळण्यांना हे तत्त्व सगळ्यांत जास्त लागू पडतं. ती मोठी आहेत, अनेक पदार्थांची मिळून बनलेली आहेत, आणि ती कधी वापरातून जाणार हे बनवताना जवळजवळ ठाऊक असतं. मूल मोठं होतं, यात अनपेक्षित काही नाही.

बनवणाऱ्यांकडून मागायच्या गोष्टी काही अशक्य कोटीतल्या नाहीत. प्रत्येक भागावर तो कशाचा आहे याचा आणि तयार केल्याच्या सालाचा न पुसणारा शिक्का. ठोकून कायमच्या बसवलेल्या रिव्हेटऐवजी नटबोल्ट, म्हणजे साध्या पान्यानं खोलता येईल. बैठका, आकडे, कापड, टोपणं असे झिजणारे भाग बरीच वर्षं सुटे मिळण्याची हमी, कारण एक कडी मिळत नाही म्हणून अख्खी चौकट भंगारात जाणं ही शुद्ध नासाडी आहे. उन्हात हे किती वर्षं टिकावं याचा लेखी अंदाज. आणि नवं आणून देणारी गाडी परत जाताना जुनं घेऊन जाईल अशी सोय. वस्तू थोडी महाग होईल, हे खरं. आज ती स्वस्त आहे, कारण शेवटचा खर्च किमतीत धरलेलाच नाही. तो खर्च नंतर कचराभूमीशेजारी राहणारे आणि भंगार वेचणारे आपल्या फुप्फुसांनी भरतात.

शाळा, बालवाड्या आणि सार्वजनिक बागा यांच्या हातात तर याहून जास्त आहे. त्यांची साधनं मजबूत असतात, त्यांची नियमित तपासणी होणं अपेक्षित असतं, आणि तपासणीच्या नोंदी असतील तर घेणाऱ्याला डोळे झाकून विश्वास ठेवावा लागत नाही. दुसऱ्या जागी नेऊन उभारायला म्हणूनच हीच साधनं सर्वांत योग्य. पण बागेचं नूतनीकरण करायचं ठरलं की धड साधनंही एका दिवसात उखडली जातात, कारण कंत्राटात ‘जुने काढून टाकणे’ एवढीच ओळ असते. कंत्राटदाराला ती खोलण्यापेक्षा तोडणं स्वस्त पडतं. त्या एका ओळीच्या जागी चार गोष्टी लिहाव्यात. आधी जाणत्या तपासनिसाकडून प्रत्येक साधनाची पाहणी. जे धड आहे ते खोलून, भागांवर क्रमांक टाकून, नोंदींसह दुसऱ्या संस्थेकडे. जे धड नाही ते वापरता येणार नाही असं मोडून, धातू, लाकूड, प्लॅस्टिक वेगवेगळं, आणि कुठे गेलं याची पावती. नवीन साधनं पुरवणाऱ्याकडून, मुदत संपल्यावर तीच परत नेण्याचं लेखी बंधन. निविदा निघण्याआधी पालकांनी जाऊन ही मागणी करावी, कारण निविदा निघाल्यावर मजकुरात बदल करणं फार अवघड जातं.